हात मांडीखाली

आमच्या सरांकडे सर्टिफिकेट नव्हतं. हे मला क्लास लावून पंधरा दिवस झाल्यावर कळलं, आणि कळलं तेव्हा मी एवढी भडकले की परत निघताना स्कूटी स्टँडवरून काढण्याच्या नादात नडगीवर आपटून घेतली.

लखनौच्या अलीगंजात सरांचं दुकान होतं. पुढे कॉम्प्युटर दुरुस्ती आणि मागच्या खोलीत क्लास. कॉम्प्युटर टेक्निशियनची परीक्षा असते ना, ज्यात मशीन खोलणं-जोडणं, बिघाड शोधणं, नेटवर्क, प्रिंटर असं सगळं येतं, तिची तयारी ते करून घ्यायचे. खोलीच्या भिंतीवर पास झालेल्यांच्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्स होत्या, प्रत्येकीला फ्रेम. मधोमध एक खिळा मात्र रिकामा. मला वाटायचं, एखादी फ्रेम पडून फुटली असेल. माझ्याबरोबर अन्सारीभाई म्हणून एक चाळिशीचे गृहस्थ शिकायला यायचे, त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी एक दिवस चहा पिता पिता अगदी शांतपणे सांगितलं, "वो कील उस्ताद की अपनी है। जब पास होंगे, तब भरेगी।"

"म्हणजे? सर खुद पास नहीं हैं?" मी इथल्याच तेलीबागेत वाढलेली, माझं बोलणं असंच. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं.

"नहीं हैं जी। मगर पढ़ाते अच्छा हैं।"

घ्या! इथे माझी नोकरी त्या कागदावर अडकलेली, आणि बाबांनी मला पाठवलं कुणाकडे, तर ज्याच्याकडे तो कागदच नाही.

नोकरी अमौसीला, विमानतळावर. एका कंपनीकडून मी कंत्राटावर होते. काउंटरवरचा प्रिंटर अडकला, स्क्रीन गेली की धावत जायचं. त्या कामावर मी एकटी बाई, आणि सात वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मग कंपनीचं पत्र आलं: मार्चअखेरपर्यंत ज्याच्याकडे सर्टिफिकेट नसेल त्याचं कंत्राट पुढे चालू राहणार नाही. नोव्हेंबरात मी परीक्षा दिली आणि सपशेल आपटले. पहिलाच प्रश्न चित्रातला निघाला. स्क्रीनवर उघडा कॅबिनेट, शेजारी केबली, माउसने एकेक ओढून जागेवर लावायची. रोज हातांनी करते तेच काम, पण माउसने जमेचना. घाम फुटला. त्या एका प्रश्नात चाळीस मिनिटं गेली आणि पुढचे मी नुसते आंधळ्यासारखे टिक करत सुटले.

नापास झाल्यावर बाबा मला रोज पहाटे उठवून श्वासावर लक्ष ठेवायला बसवू लागले. मग विहारात त्यांची सरांशी गाठ पडली. जयभीम-जयभीम झालं, गाव विचारलं, तर हे अमरावतीकडचे निघाले. बाबांना तेवढं पुरलं. "आपला माणूस आहे," म्हणाले. सर्टिफिकेटचं मी घरी येऊन ओरडून सांगितलं तर म्हणे, "त्यांची पोरं पास होतात ना? मग झालं." श्वासाचं मात्र सरांना पटलं नाही. "श्वास घरी मोज," म्हणाले, "तिथं प्रश्न मोज."

सरांच्या तऱ्हा किती सांगू! पहिली म्हणजे स्वेटर. लखनौची जानेवारी काय असते ते इथे राहिल्याशिवाय समजायचं नाही. धुक्यात समोरच्या रिक्षाचा दिवा दिसत नाही, हँडलवर बोटं बधिर होतात. अशात अमौसीची ड्यूटी संपवून मी अलीगंजला पोचायची, आणि दुकानाच्या दारात सर म्हणायचे, "काढ." लोकरीनं अंगात स्थिर वीज साठते, ती उघड्या बोर्डाला लागली तर बोर्ड मरतो, म्हणून आत लोकर बंद. स्वेटर, मफलर, मोजे, सगळं बाहेरच्या खुंटीवर. स्वतः एकावर एक तीन सुती सदरे घालून बसायचे. आमचे दात वाजायचे. अन्सारीभाई तर टोपी काढताना दर वेळी आकाशाकडे बघायचे.

दुसरी तऱ्हा लोखंडाची. मशीन उघडण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा म्हणजे अंगातली वीज उतरते, हे पुस्तकातच आहे. पण सरांनी ते सगळ्या संसाराला लावलं होतं. फोन घेण्याआधी टेबलाच्या पायाला हात. जेवायला बसण्याआधी खिडकीच्या गजाला हात. गिऱ्हाईक भांडायला आलं की आधी शटरला हात, मग तोंड उघडायचं. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा अर्धा राग उतरलेला असायचा, किंवा ते गोंधळून जायचं. काकू, म्हणजे सरांची बायको, मागच्याच बाजूला राहायच्या. त्या म्हणायच्या, "अवं, लग्नात माह्या गळ्यात हार घालायच्या आधी यायनं मांडवाच्या पाइपाला हात लावला होता. माह्या मावशीला वाटलं, नवरदेवाला चक्कर आली."

काकूंचा मसाल्याचा डबाही सरांनी पळवला होता. गोल, स्टीलचा, सात वाट्यांचा. त्यात स्क्रू. मोहरीच्या वाटीत हार्डडिस्कचे, हळदीच्या वाटीत मदरबोर्डचे. कुठल्या मशीनचा कुठला स्क्रू हे त्यांना वाटीवरून पाठ. डबा कितीही धुतला तरी बोटांना हळदीचा वास यायचा. काकूंनी नवा डबा आणला, तर सर त्याच्याकडेही बघायला लागले होते म्हणे.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. सरांना बिघडलेलं बघवायचं नाही. म्हणजे अक्षरशः बघवायचं नाही. न्हाव्याकडे अर्ध्या गालाला साबण असताना ते उठले आणि त्याच्या टीव्हीची वायर खोचून आले. बीपी तपासायला गेले, तर हाताला पट्टा बांधलेला असतानाच खाली वाकून डॉक्टरांच्या प्रिंटरची केबल बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, तुमचं बीपी वाढलंय. सर म्हणाले, तुमचा प्लग ढिला आहे. एका लग्नात पंगतीतून उठून गाण्याच्या स्पीकरमागे जाऊन बसले, ते थेट वरमाला झाल्यावर परत आले. काकू सांगायच्या तेव्हा आम्ही हसून हसून लोळायचो. सर हसायचे नाहीत. "ढिली होती न," एवढंच म्हणायचे.

आणि हाच माणूस सराव परीक्षेत आम्हाला जागचं हलू द्यायचा नाही.

दर रविवारी सकाळी सात वाजता सराव परीक्षा. नव्वद मिनिटं, खऱ्या परीक्षेसारखी. चित्रांचे प्रश्न आले की खूण करून पुढे जायचं, शेवटी परत यायचं. हा पहिला नियम, आणि तो माझ्या डोक्यात त्यांनी इतका घोटला की मला स्वप्नातही प्रश्न सोडून पुढे जायची सवय लागली. मध्येच सर हाक मारायचे, "लाव वो!" की आतून काकू मिक्सर सुरू करायच्या. पंखा बंद व्हायचा. सर पाठीमागे उभे राहून फोनवर कुणाशी तरी मोठमोठ्यानं बोलायचे. हे सगळं ठीक. सवय झाली.

एका रविवारी तिसाव्या मिनिटाला माझी स्क्रीन काळी झाली. मी वाकून बघितलं, तर मॉनिटरची केबल मागून निघालेली. खोचली. दोन सेकंद. स्क्रीन आली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"ऊठ," सर म्हणाले. केबल त्यांनीच पायानं ओढली होती. "घरी जाय."

"सर, मी तर नीट केलं!"

"म्हणूनच जाय. आत तू दुरुस्ती कराले नाही जाऊन राहिली. उत्तरं द्याले जाऊन राहिली. मशीन त्यायचं आहे. स्क्रीन गेली, धूर निघाला, काही झालं तरी हात मांडीखाली. मान वर. आवाज द्यायचा. बस."

"आणि टाइम गेला तर?"

"जाऊ दे."

जाऊ दे! माझी नोकरी जायला आलीये आणि हे म्हणतात जाऊ दे. माझं डोकंच फिरलं. मी तडकाफडकी बोलून गेले, "तुम्हाला काय माहीत हो आत काय असतं? तुमची तर कीलच रिकामी आहे."

अन्सारीभाईंनी मान खाली घातली. मिक्सर बंद झाला. सरांनी शेजारच्या कॅबिनेटला हात लावला, तो तसाच ठेवला. मग म्हणाले, "पुढचा रविवार. सात वाजता. हात मांडीखाली."

मला त्याच क्षणी वाईट वाटलं होतं. पण मी माफी मागितली नाही. स्वेटर घेतला आणि निघाले. पुढच्या रविवारी मी सातला पाच कमी असताना हजर झाले, आणि सरांनी माझी केबल परत ओढली. त्यानंतरच्या रविवारीही ओढली. तिसऱ्यांदा माझे हात आपोआप मांडीखाली गेले. सर काकूंना म्हणाले, "चहा दे हिले."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी परीक्षेला बसले. घड्याळ, फोन, कानातले, सगळं बाहेर कपाटात. आत प्रत्येकाला लाकडी फळ्यांचा छोटा कप्पा, आणि सुपरवायझर म्हणून एक मुलगी. मी खुर्चीच्या लोखंडी पायाला हात लावला. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, बघू दे. पहिला प्रश्न चित्रातला. खूण केली, पुढे. दुसराही चित्रातला. पुढे. मग गाडी रुळावर आली. प्रिंटर, मेमरी, वायरलेस. प्रश्न येत होते आणि मी उत्तरं देत होते.

सत्तेचाळिसाव्या प्रश्नाला स्क्रीन काळी झाली.

खोटं कशाला सांगू, माझा उजवा हात टेबलाखाली अर्धा गेलाच होता. मला दिसत होता तो प्लग. मागे, खाली, ढिला. अर्ध्या हाताच्या अंतरावर. सात वर्षं मी हेच करत आलेय, डोळे मिटून केलं असतं. पेपरचं घड्याळ थांबलंय की चालूच आहे, हेही कळत नव्हतं. आणि मी हात ओढला आणि दोन्ही तळवे मांडीखाली दाबले, इतके की खुर्चीची शिवण कातडीत रुतली. मान वर केली आणि हाक मारली, "मैडम, स्क्रीन चली गई।"

ती आली. तिनं बघितलं. "बैठी रहिए, कुछ छुइएगा नहीं," म्हणाली आणि कुणाला तरी बोलवायला गेली. तो कुणीतरी लवकर येईना. मी तशीच. काळ्या स्क्रीनमध्ये मला माझंच तोंड दिसत होतं, आणि मनात मी सरांना शिव्या घालत होते. त्यांच्या स्वेटरवरून, मिक्सरवरून, सगळ्यावरून. शिव्या संपेपर्यंत माणूस आला, वाकला, त्यानं प्लग खोचला. दोन सेकंद. तोच प्रश्न, सत्तेचाळिसावा, आणि घड्याळ जिथं होतं तिथंच.

चित्रांना शेवटी पंचवीस मिनिटं उरली. बाहेर काउंटरवर छापलेला कागद हातात आला. पास.

मी थेट अलीगंजला गेले. सर एका सीपीयूत तोंडातल्या टॉर्चनं काहीतरी शोधत होते. मी कागद पुढे धरला. त्यांनी टॉर्च काढला, मार्क बघितलेच नाहीत. विचारलं, "काय बिघडलं होतं आत?"

"स्क्रीन गेली. प्लग ढिला होता."

"हात?"

"मांडीखाली."

सर स्टुलावर बसले. बराच वेळ ते त्या हळदीच्या वाटीतले स्क्रू बोटानं इकडून तिकडे करत राहिले. मग त्यांनी सांगितलं. ते बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते तेव्हा बँकेनं त्यांना याच परीक्षेला बसवलं होतं. पेपर सोपा जात होता. शेजारच्या कप्प्यातल्या एका बाईची स्क्रीन गेली. ती रडायला लागली. "मले केबल दिसून राहिली होती," सर म्हणाले. "उठलो. वाकलो. खोचली." सुपरवायझरनं बघितलं. जागेवरून उठून दुसऱ्याच्या मशीनला हात लावला म्हणून बाहेर काढलं, पेपर रद्द. बँकेत सगळ्यांना वाटलं, कॉपी करताना सापडले.

"आणि ती बाई?"

"झाली असंन पास. तिची स्क्रीन तर आली न."

त्या दिवशी मी त्यांना काय बोलले होते ते आठवून कान गरम झाले. "सर, मी तेव्हा जे बोलले ना... चुकलं माझं," म्हणाले. त्यांनी हात झटकला. मग मी विचारलं, "पण तुम्ही परत का नाही बसलात? सगळं तर येतं तुम्हाला."

"येते. पण परत वाकलो असतो," सर म्हणाले. "बिघडलेलं दिसलं की माहे हात माहे नाही राहत, पोरी. म्हणून तुमच्या हाताच्या मागं लागलो."

कंत्राट चालू राहिलं. एप्रिलमध्ये मी आणि काकूंनी मिळून सरांचं नाव परीक्षेला घातलं. आधी चिडले, मग दोन दिवसांनी म्हणाले, "सराव कोण घेईन?" मी घेतला. दर रविवारी, सकाळी सातला. काकू पायानं केबल ओढायच्या आणि सर वाकायचे. दर वेळी. "घरी जा," मी म्हणायची. "घरातच आहो मी," ते म्हणायचे. एकदा तर त्यांनी हात मांडीखाली ठेवले आणि केबल दातांनी खोचायला निघाले. पाच रविवार झाले, सहा झाले. अन्सारीभाई तोवर पास होऊन गेले होते, ते मुद्दाम येऊन सरांच्या डोळ्यांसमोर पंख्याची वायर लोंबकळत ठेवायचे. सरांना घाम फुटायचा. मला त्यांची दया यायची आणि हसूही यायचं.

जूनमध्ये, लूचा भाजणारा वारा सुटलेला असताना, मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून सेंटरला नेलं. काकू रिक्षानं आल्या. गेटच्या लोखंडाला हात लावून सर आत गेले. आम्ही दोघी बाहेर कडुलिंबाखाली उभ्या. पाऊण तास झाला, तास झाला. दार उघडलं की मला वाटायचं, आता यांना हाताला धरून बाहेर आणतात.

दीड तास उलटून गेल्यावर सर बाहेर आले. एकटे, चालत. सदरा पाठीला चिकटलेला. काउंटरवरून कागद घेतला, घडी घातली, न बघता खिशात टाकला. मग काउंटरवरच्या मुलाकडे वाकून अगदी सावकाश म्हणाले, "भैया, चार नंबर की केबल देख लीजिएगा। लटक रही है।"

आमच्याकडे आले. दोन्ही तळवे पुढे केले. त्यांवर खुर्चीच्या शिवणीचे लाल वळ उठले होते.

"शेजारीच होती," म्हणाले. "पूर्ण वेळ दिसून राहिली होती मले. नव्वद मिनिटं. बसलो."

काकूंनी त्यांचे हात धरले आणि भर रस्त्यात रडायला लागल्या. मलाही रडू आवरेना. मी त्यांच्या खिशातून कागद काढून उघडला. नापास. थोडक्या मार्कांनी, पण नापास. माणसाचं अर्धं लक्ष त्या केबलीत असल्यावर दुसरं काय होणार! माझं तोंड उतरलं. सरांनी कागद माझ्या हातातून घेतला, वाचला, नीट घडी करून परत ठेवला आणि म्हणाले, "चाल, फ्रेमवाल्याकडे घे."

मला वाटलं, उन्हानं काहीतरी झालंय. पण त्यांनी खरंच तो कागद फ्रेम केला आणि मधल्या खिळ्यावर लावला. पुढच्या वर्षी कंपनीनं माझी बदली नागपूरला केली. निघण्याआधी भेटायला गेले, तेव्हा क्लासमध्ये एक नवी मुलगी आली होती, बिनस्वेटरची कुडकुडत. ती भिंतीवरच्या फ्रेमा वाचत होती. वाचता वाचता मधोमध थांबली.

"सर, ये तो फेल वाला है?"

सरांनी फ्रेमच्या पत्र्याच्या कडेला हात लावला.

"हाँ बेटा," म्हणाले. "पूरे नब्बे मिनट का है।"